खोक्यावर ८ जीबी, वापरायला ५.८८ जीबी: एका लॅपटॉपचे सात महिन्यांनंतरचे परीक्षण

अंबाजोगाईत मी जुन्या कागदपत्रांच्या संगणकीय प्रती काढून देण्याचे काम करते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या घरांतल्या पेट्यांमध्ये मोडीतली खरेदीखते आणि उर्दूतले महसुली कागद एकाच फडक्यात बांधलेले सापडतात. लोक ते बाड घेऊन येतात, मी पान न पान स्कॅन करते, डाग आणि घड्यांच्या रेघा कमी करून अक्षर उठून दिसेल असे करते आणि लिप्यंतर करणाऱ्या जाणकारांकडे पाठवते. याच कामासाठी सात महिन्यांपूर्वी मी ४१,००० रुपयांना एक लॅपटॉप घेतला. १५.६ इंची पडदा, ८ जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी), ५१२ जीबीची एसएसडी (फायली साठवायची डिस्क) आणि विंडोज ११ असा तो आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण ज्या गोष्टीविषयी मला मुख्यतः लिहायचे आहे ती एका कंपनीपुरती नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या, म्हणजे प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असलेल्या कितीतरी लॅपटॉपमध्ये ती थोड्याफार फरकाने आढळते.

माझ्या कामाला रॅम किती लागते हे आधी सांगते, म्हणजे तक्रारीचे वजन कळेल. ए४ आकाराचे एक पान ६०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू धरून, रंगीत स्कॅन केले, तर त्याची प्रतिमा साधारण ४,९६० गुणिले ७,०१६ बिंदूंची होते. प्रत्येक बिंदूला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक असे तीन बाइट लागतात, म्हणजे एका पानाला जवळजवळ १०० एमबी. साठवताना ही फाइल दाबून लहान होते, पण दुरुस्तीसाठी उघडली की रॅममध्ये ती पूर्ण आकारानेच पसरते, आणि केलेला बदल मागे घेता यावा म्हणून प्रोग्राम आधीची प्रतही जवळ ठेवतो. वीस पाने उघडली की २ जीबी भरले, असा हा सरळ हिशोब आहे. खरेदीखताची पाने एकमेकांशी ताडून पाहावी लागतात, एका पानावरचा फाटलेला कोपरा दुसऱ्या पानाला चिकटलेला असतो, त्यामुळे वीस-पंचवीस पाने एकदम उघडी ठेवणे हा माझा रोजचा भाग आहे.

नवा लॅपटॉप पंधरा-सोळा पानांनंतरच अडखळू लागला. माउस हलवला की बाण क्षणभर जागीच थांबायचा, पान मोठे करून पाहायला गेले की आधी धुरकट चौकोन दिसायचे आणि मग हळूहळू अक्षर उमटायचे. मी सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम आणि त्यात अबाउट हे पान उघडले. तिथे इन्स्टॉल्ड रॅम या ओळीपुढे ८.०० जीबी असे लिहिलेले होते आणि लगेच पुढे ५.८८ जीबी यूजेबल, म्हणजे वापरता येण्याजोगी ५.८८ जीबी. नव्या कोऱ्या यंत्रातली २ जीबीहून अधिक मेमरी पहिल्या दिवसापासून माझ्या हाताबाहेर होती आणि ते मला कोणी सांगितले नव्हते.

ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला तिथे विचारले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आत्मविश्वासाने उत्तर दिले की कंपन्या १,००० ने मोजतात आणि संगणक १,०२४ ने मोजतो, म्हणून आकडा नेहमीच कमी दिसतो. हे उत्तर इतक्या ठिकाणी ऐकायला मिळते की ते कुठे लागू पडते आणि कुठे नाही हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ते हार्ड डिस्क आणि एसएसडी यांना लागू पडते. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ती याच कारणाने; त्यात कोणी काही काढून घेतलेले नसते. रॅमची गोष्ट वेगळी आहे. रॅम बनवणारेही १,०२४ च्याच पटीत मोजतात, त्यामुळे ८ जीबीच्या पट्टीत ८,५८,९९,३४,५९२ बाइट पूर्ण असतात आणि विंडोज त्यांना ८.०० असेच दाखवते. शिवाय क्षणभर त्या मुलाचे म्हणणे खरे धरले, तरी ८ चे ७.४५ झाले असते, ५.८८ नव्हे. मी हा हिशोब कागदावर मांडून दाखवला तेव्हा त्याने कंपनीच्या मदत क्रमांकावर बोलण्यास सांगितले.

मदत क्रमांकावरच्या व्यक्तीने विंडोज पुसून नव्याने टाकण्यास सांगितले. मी ते केले. सगळ्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यायच्या, विंडोज टाकायचे, स्कॅनरचे ड्रायव्हर पुन्हा शोधायचे, मराठी कळफलक पुन्हा लावायचा, यात माझा पूर्ण रविवार आणि सोमवारची सकाळ गेली, आणि शेवटी अबाउटच्या पानावर पुन्हा ५.८८ हाच आकडा उभा होता. आता कारण माहीत झाल्यावर समजते की तो तसाच राहणार होता, कारण ही मेमरी विंडोज सुरू होण्याच्या आधीच वेगळी काढलेली असते. त्या सल्ल्याने माझे जे श्रम वाया गेले त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी व्हिडिओ पाहून स्वतः एक चूक केली, ती इतरांनी करू नये म्हणून लिहिते. एमएसकॉन्फिग नावाच्या खिडकीत बूट या भागात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स असतात, आणि तिथे मॅक्झिमम मेमरी असा एक चौकोन असतो. त्यात टिक करून ८१९२ लिहिले की पूर्ण रॅम मिळते, असे बरेच लोक सांगतात. मी तसे केले आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आकडा वाढण्याऐवजी आणखी खाली गेला. त्या चौकोनाचा अर्थ उलटा आहे. या पत्त्याच्या, म्हणजे मेमरीतल्या जागेच्या क्रमांकाच्या, पुढची मेमरी वापरू नकोस, अशी ती विंडोजला घातलेली मर्यादा आहे. कमी रॅमवर प्रोग्राम कसा चालतो हे तपासणाऱ्यांसाठी ती ठेवलेली आहे. रॅमचे पत्ते शून्यापासून ८ जीबीपर्यंत सलग नसतात, मधला काही पट्टा इतर उपकरणांसाठी राखलेला असतो आणि तेवढी रॅम पुढच्या पत्त्यांवर सरकवलेली असते. ८१९२ ची रेघ ओढली की नेमकी ती सरकवलेली रॅम रेघेच्या पलीकडे राहते. हा चौकोन रिकामाच असला पाहिजे, आणि रॅम कमी दिसत असेल तर तिथे कोणी आधी टिक करून ठेवलेली नाही ना, हे मात्र जरूर पाहावे.

शेवटी मी लॅपटॉप घेऊन एसटीने लातूरला गेले. गंजगोलाईकडे येणाऱ्या रस्त्यांपैकी एकावर लॅपटॉप दुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे, जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढे. तिथल्या कारागिराने स्क्रू खोलण्याआधी मला शेजारी स्टुलावर बसवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समधल्या मेमरीवर आला आणि खालच्या कोपऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवले. तिथे हार्डवेअर रिझर्व्ह्ड आणि त्यापुढे २.१ जीबी असे लिहिले होते. मग तो जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या भागाच्या, पानावर गेला आणि तिथे डेडिकेटेड मेमरी २.० जीबी असल्याचे दाखवले. “ताई, तुमची रॅम कुठं गेली नाही. ही बघा, ग्राफिक्सनं धरून ठेवलीय,” असे तो म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला उत्तर देण्याआधी आकडा दाखवला होता.

त्यामागचे कारण असे. ज्या लॅपटॉपमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते, त्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी बसवलेली असते. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर त्याला स्वतःची मेमरी नसते. पडद्यावरचे चित्र तयार करण्यासाठी तो मुख्य रॅममधलाच एक तुकडा वापरतो. संगणक सुरू करताच बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा यंत्रातला मूळ प्रोग्राम, हा तुकडा बाजूला काढतो आणि उरलेली रॅम विंडोजच्या ताब्यात देतो. म्हणून विंडोजला पट्टी ८ जीबीची आहे हे कळते, पण त्यातला राखीव भाग त्याला वापरता येत नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्ससाठी २,०४८ एमबी आणि बायोसच्या स्वतःच्या नोंदी व इतर उपकरणांसाठी सुमारे १२३ एमबी राखलेले होते. ८,१९२ मधून हे दोन्ही वजा केले की ६,०२१ एमबी उरतात, आणि त्याला १,०२४ ने भागले की बरोबर ५.८८. ज्या आकड्याने मला महिनाभर छळले तो असा शेवटच्या अंकापर्यंत जुळला, तेव्हा मनावरचा भार उतरला.

जीपीयूच्या त्याच पानावर शेअर्ड मेमरी २.९ जीबी अशी आणखी एक ओळ असते आणि ती पाहून बरेच जण घाबरतात. ती मात्र राखून ठेवलेली नसते. गरज पडल्यास ग्राफिक्स विंडोजकडून जास्तीत जास्त किती रॅम उसनी घेऊ शकेल याची ती कमाल मर्यादा आहे, वापरता येणाऱ्या रॅमच्या साधारण निम्मी. गरज नसताना ती सगळी तुमच्याच कामाला येते. अडचण फक्त डेडिकेटेड म्हणून बायोसने आधीच कापलेल्या भागाची आहे.

कंपन्या एवढा मोठा तुकडा का राखतात, हेही मी त्या कारागिराला विचारले. काही खेळ आणि व्हिडिओ संपादनाचे काही प्रोग्राम सुरू होतानाच ग्राफिक्सकडे ठरावीक मेमरी आहे का ते तपासतात आणि नसेल तर चालत नाहीत, म्हणून हात सैल ठेवलेला असतो. खेळणाऱ्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मजकूर, हिशोब आणि स्थिर प्रतिमा यांवर काम करणाऱ्या माणसासाठी मात्र त्या २ जीबीचा मोठा भाग रिकामाच पडून राहतो.

उपाय पाच मिनिटांचा होता. लॅपटॉप बंद करून सुरू करताना एफ२ ही कळ दाबून त्याने बायोस उघडला. अॅडव्हान्स्ड या भागात यूएमए फ्रेम बफर साइझ, म्हणजे ग्राफिक्ससाठी राखायच्या रॅमचा आकार, अशी ओळ होती आणि तिच्यापुढे ऑटो, ५१२ एमबी, १ जीबी आणि २ जीबी असे पर्याय होते. ऑटोचा अर्थ या यंत्रात २ जीबी असा लावलेला होता. त्याने ५१२ एमबी निवडले, एफ१० दाबून बदल जतन केला, आणि विंडोज उघडल्यावर अबाउटच्या पानावर ७.३८ जीबी यूजेबल असे आले. दीड जीबी परत मिळाली, म्हणजे माझ्या भाषेत पंधरा पाने. या कामाचे त्याने दीडशे रुपये घेतले. त्याच्या काउंटरच्या काचेखाली नव्या रॅमच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या आणि मी ज्या मनःस्थितीत गेले होते त्यात त्याने सांगितले असते तर ती पट्टी मी तिथेच विकत घेतली असती. त्याने आधी आहे तेवढी रॅम मोकळी करून दिली. अशा कारागिरांची नोंद कुठेतरी व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

एक अडचण सांगितली पाहिजे. सगळ्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये ही ओळ नसते. कित्येक कंपन्या ती वापरणाऱ्याला दिसूच देत नाहीत आणि मग राखीव भाग आहे तसा स्वीकारण्यावाचून मार्ग राहत नाही. माझ्या लॅपटॉपच्या कंपनीने ती उघडी ठेवली, याचे श्रेय तिला द्यावे लागेल. पण तीच गोष्ट मदत क्रमांकावरच्या माणसाला ठाऊक नसावी, हा दोषही तिचाच आहे.

रॅम कमी दिसण्याची इतर कारणेही आहेत आणि ती वेगळी ओळखता आली पाहिजेत. माझ्याकडचा जुना डेस्कटॉप ४ जीबी रॅमचा होता आणि तो २.९९ जीबी दाखवायचा. त्याचे कारण ३२-बिट विंडोज हे होते. ३२ बिटांत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच मांडता येतात, म्हणजे ४ जीबी. त्यातले वरचे पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांना द्यावे लागतात, त्यामुळे तेवढ्या रॅमला पत्ताच उरत नाही आणि ती बसवलेली असूनही निरुपयोगी राहते. तिथे ६४-बिट विंडोज टाकणे हाच उपाय असतो. विंडोज ११ फक्त ६४-बिट असल्याने नव्या लॅपटॉपमध्ये हे कारण संभवत नाही. दोन पट्ट्या असताना संगणक एकीचीच रॅम मोजत असेल, तर बहुधा दुसरी नीट बसलेली नसते किंवा तिच्या सोनेरी टोकांवर मळ चढलेला असतो. आपल्याकडच्या धुळीत हे वरचेवर होते, आणि दुरुस्तीवाले साध्या खोडरबराने ती टोके पुसून पट्टी पुन्हा बसवतात. अशा वेळी इन्स्टॉल्ड हा आकडाच कमी दिसतो. इन्स्टॉल्ड पूर्ण आणि यूजेबल कमी असेल, तर आधी राखीव भागाकडे पाहावे.

विंडोज स्वतः आणि चालू असलेले प्रोग्राम जी रॅम वापरतात, ती या तफावतीत धरलेली नसते, हेही लक्षात घ्यावे लागते. माझ्या लॅपटॉपवर काहीही न उघडता सुमारे ३ जीबी वापरात असते आणि ती यूजेबलमधून जाते. म्हणजे सुरुवातीला माझ्या पानांसाठी ३ जीबीपेक्षाही कमी जागा उरत होती. ती संपली की विंडोज मेमरीतला मजकूर एसएसडीवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. तो थबकणारा बाण आणि ते धुरकट चौकोन यांचे मूळ या ने-आणीत होते.

लॅपटॉपच्या बाकीच्या अंगांविषयी थोडक्यात लिहिते. कळफलक उत्तम आहे. इनस्क्रिप्टमध्ये तासन्‌तास टंकन केले तरी बोटे दुखत नाहीत आणि कळांचा आवाजही कमी आहे. बॅटरी माझ्या कामात साडेचार तास टिकते, आणि उन्हाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा तेवढा वेळ पुरतो. पडदा ही याची कमजोर बाजू आहे. रंग फिके आहेत, खिडकीजवळ बसले की अक्षर दिसत नाही, आणि तपकिरी कागदावरची फिकट झालेली शाई ओळखायची असेल तर मला वेगळा मॉनिटर जोडावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पंखा सतत चालतो, पण यंत्र बंद पडलेले नाही.

आत रॅमसाठी दोन जागा आहेत आणि एक रिकामी होती, ही खरेदीतली सर्वांत चांगली बाजू ठरली. ७.३८ जीबीवर माझे काम चालू लागले होते, तरी दोन महिन्यांनी एका वाड्यातले मोठे बाड आले तेव्हा मी त्याच कारागिराकडून आणखी एक ८ जीबीची पट्टी बसवून घेतली. पहिली डीडीआर४ होती, म्हणून दुसरीही त्याच प्रकारची आणि त्याच वेगाची घेतली. डीडीआर३ किंवा डीडीआर५ ची पट्टी त्या जागेत बसतच नाही. आता १६.० जीबीपैकी १५.४ जीबी वापरता येते. दोन पट्ट्या झाल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी वाचतो, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला रॅमच्या वेगावरच अवलंबून राहावे लागत असल्याने पान मोठे-लहान करणेही पूर्वीपेक्षा हलके झाले आहे.

टंकन, हिशोब, ऑनलाइन अर्ज एवढ्याच कामांसाठी हा लॅपटॉप आहे तसा पुरेसा आहे. प्रतिमांचे काम करणाऱ्यांनी तो घ्यावा, पण पहिल्याच दिवशी दुसऱ्या पट्टीचे पैसे किमतीत धरूनच. ८ जीबी रॅम थेट मदरबोर्डवर जोडलेला आणि रिकामी जागा नसलेला लॅपटॉप मात्र मी प्रतिमांच्या कामासाठी कोणालाही सुचवणार नाही. दुकानात दाखवायला ठेवलेल्या यंत्रावर टास्क मॅनेजर उघडायला अर्धा मिनिट लागतो. तिथे हार्डवेअर रिझर्व्ह्ड किती आहे आणि रॅमच्या किती जागा भरलेल्या आहेत, या दोन ओळी पैसे देण्याआधी वाचून घ्याव्यात. विक्रेत्यांनी त्या स्वतःहून दाखवाव्यात, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

गेल्या महिन्यात कंपनीकडून बायोसचे अपडेट आले आणि दुसऱ्या दिवशी यूजेबलचा आकडा १३.९ जीबी दिसू लागला. अपडेटने ती ओळ पुन्हा ऑटोवर नेली होती. या वेळी लातूरला जावे लागले नाही. मीच एफ२ दाबून ५१२ एमबी निवडले, आणि चहा होईपर्यंत १५.४ परत आले होते.